जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला इलेक्ट्रॉनिक स्विच आणि संरक्षण: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हाती आला की बहुतेकांना व्हॉल्व्हचीच काळजी लागते. खरं तर व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात. मिळत नाही तो ट्रान्सफॉर्मर. मेन ट्रान्सफॉर्मर जळला तर रिवाइंडिंगवाला शोधावा लागतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर त्यातली थरांची रचना जशीच्या तशी गुंडाळणारा माणूस सापडेलच असं नाही. त्यामुळे खाली जे सांगतो आहे ते सगळं या दोन लोखंडी ठोकळ्यांना वाचवण्यासाठी आहे. व्हॉल्व्ह वाचले तर तो वरचा नफा.

उदाहरणासाठी कर्ण्यांवर चालणारा एक ठरावीक मोनो ॲम्प्लिफायर धरू: पुशपुलमध्ये (जोडीने आळीपाळीने काम करणारे) दोन ईएल३४ पॉवर व्हॉल्व्ह, पुढे तीन छोटे ईसीसी८३, रेक्टिफायर जीझेड३४, एचटी (प्लेटांना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) सुमारे ४३० व्होल्ट, आणि ग्रिडला वेगळा निगेटिव्ह बायस (व्हॉल्व्हचा करंट आवरून धरणारं व्होल्टेज). तुमचा सेट वेगळा असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आधी हे वाचा

४३० व्होल्ट डीसी माणूस मारायला पुरेसा आहे आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून असतो. मेन बोर्डाच्या दुरुस्तीचा अनुभव नसेल तर पायऱ्या वाचून ठेवा, पण हात लावताना जाणकार माणूस शेजारी हवा. प्लग काढा, १० वॉटचा ४.७ के रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या एचटी कंडेन्सरवर लावा, मीटरवर ५ व्होल्टच्या खाली आकडा दिसेपर्यंत थांबा, आणि मगच हात घाला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची जुनी सवय सोडा. त्यात कंडेन्सरही मरतो.

१. लागणारं सामान

- १००० व्होल्ट डीसी मोजणारा मल्टिमीटर आणि चांगल्या प्रोब
- सिरीज बोर्ड, म्हणजे सेटच्या मेनच्या वाटेत सिरीजमध्ये बल्ब: होल्डरमध्ये १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब (एलईडी चालत नाही)
- १२ व्होल्टचे तीन रिले: मुख्य रिले दोन पोलचा, कॉन्टॅक्ट निदान २५० व्होल्ट एसी ८ ॲम्पियर, बायपासचा एक पोलचा, १० ॲम्पियर, होल्डसाठी एक छोटा
- १२ व्होल्टचा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, ७८१२ आणि ७८०५ (१२ आणि ५ व्होल्टचे रेग्युलेटर)
- ४७ ओहम १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर आणि त्याला बांधायला १२५ अंशांच्या आसपासचा थर्मल फ्यूज
- केएसडी३०१ थर्मल स्विच, ८० अंशांचा, नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, तापला की उघडणारा)
- एलएम३३९ आयसी एक, बीसी३३७ ट्रान्झिस्टर एक, १० ओहम १ टक्का रेझिस्टर दोन, १एन४००७ डायोड पंधरा
- २७५ व्होल्टचा एमओव्ही (जादा व्होल्टेज गिळणारा भाग), स्लो ब्लो फ्यूज, तीन वायरींची मेन कॉर्ड
- सेटचं सर्किट. छापील नसेल तर चॅसी उलटी करून स्वतः काढा

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर फिरलात तर यातलं जवळपास सगळं मिळतं. रिले मात्र बघून घ्या. कॉन्टॅक्टच्या पिना आणि कॉइलच्या पिना यांत चांगलं अंतर हवं. तयार मिळणाऱ्या स्वस्त रिले बोर्डांवर कधी कधी २३० व्होल्टची पट्टी आणि ५ व्होल्टची पट्टी दोन-तीन मिलिमीटरवर असते. निदान ६ मिलिमीटर हवं. झिरो पीसीबीवर करत असाल तर मधल्या दोन ओळींची तांब्याची वर्तुळं ब्लेडने खरवडून काढा.

२. आधी सेट निरोगी करा

संरक्षण म्हणजे दुरुस्ती नव्हे. आजारी सेटवर हे सर्किट बसवलं तर ते सारखं ट्रिप होईल आणि कंटाळून तुम्हीच ते बायपास कराल.

मेन टॅपिंग, म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टच्या टोकावर जोडला आहे, ते बघा. २२० वर लावलेलं असेल आणि घरात २४५ येत असेल, तर ६.३ व्होल्टचा हीटर ७ व्होल्टवर चालतो आणि ४३० ची एचटी ४८० च्या घरात जाते. २४० किंवा २५० चं टॅपिंग असेल तर ते वापरा. इतकं केल्यानेच अर्धं संरक्षण होतं.

ग्रिडला जाणारे जुने कागदी कपलिंग कंडेन्सर बदला. ते गळायला लागले की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि ईएल३४ ची प्लेट लाल होते. बायससाठी सेलेनियम रेक्टिफायर असेल तर तोही काढा, जागी १एन४००७ बसवा आणि बायस पुन्हा जुळवा, कारण डायोड बसला की निगेटिव्ह व्होल्टेज थोडं वाढतं.

दोन पिनांची कॉर्ड काढून तीन वायरींची बसवा. अर्थ वायर चॅसीला स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर लावून. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट यासाठी वापरू नका. मेनच्या फेजपासून चॅसीपर्यंत कुणी कंडेन्सर टाकलेला असेल तर तोही उपटा. त्यामुळेच असे सेट झटका देतात.

३. सगळ्याचा कणा: पंपाच्या स्टार्टरसारखी साखळी

शेतातल्या विहिरीवरचा डीओएल स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबलं की कॉइल ओढते आणि आपल्याच एका कॉन्टॅक्टमधून स्वतःला धरून ठेवते. लाल बटण दाबलं, ओव्हरलोड उडाला किंवा लाइट गेली, की कॉइल सुटते. लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. आपल्याला नेमकं हेच हवं आहे, फक्त १२ व्होल्टवर.

१२ व्होल्टचा पॉझिटिव्ह या क्रमाने जातो: ट्रान्सफॉर्मरवरचा केएसडी३०१, मग लाल बटण (नॉर्मली क्लोज्ड), मग हिरवं बटण (नॉर्मली ओपन) आणि त्याच्या समांतर होल्ड रिलेचा कॉन्टॅक्ट, मग मुख्य रिले आणि होल्ड रिले यांच्या कॉइल समांतर, आणि शेवटी बीसी३३७ मधून निगेटिव्हला. या साखळीतली कुठलीही कडी तुटली की ॲम्प्लिफायर बंद होतो आणि कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत बंदच राहतो. वायर तुटली, सोल्डर सुटला, छोटा ट्रान्सफॉर्मर जळला, तरी निकाल तोच. मायक्रोकंट्रोलर घालायचा मोह होईल. घाला, पण त्याला या साखळीतली एक कडी म्हणून बसवा. प्रोग्राम अडकला आणि रिले ओढलेलाच राहिला, असं व्हायला नको.

प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७ लावायला विसरू नका. आणि एक गोष्ट करूच नका: दोन पोलच्या एकाच रिलेत एका पोलवर २३० व्होल्ट आणि दुसऱ्यावर १२ व्होल्ट. त्यासाठीच होल्डला वेगळा रिले सांगितला आहे. मुख्य रिलेचे दोन्ही पोल फेज आणि न्यूट्रल तोडायला वापरा, कारण आपल्याकडे भिंतीतल्या सॉकेटात फेज उजवीकडेच असेल याची खात्री नसते.

१२ व्होल्ट सेटच्या हीटर वाइंडिंगमधून काढायचा विचार मनात आला तर सोडून द्या. एक तर सेट बंद असताना तिथे व्होल्टेजच नसतं. दुसरं, जीझेड३४ चं ५ व्होल्टचं वाइंडिंग दिसायला ५ व्होल्टचं असलं तरी चॅसीच्या हिशोबाने ते ४३० व्होल्टवर बसलेलं असतं. अनेक नवशिके इथेच फसतात.

सेटचा मूळ स्विच अनेकदा व्हॉल्यूमच्या मागे असतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात. त्याला लाल बटणाच्या जागी, म्हणजे १२ व्होल्टच्या साखळीत टाका. पुढचं पॅनेल जसंच्या तसं राहतं आणि त्या जीर्ण स्विचवर २३० व्होल्ट येतही नाही. हिरवं बटण मागच्या बाजूला, जिथे आधीच भोक आहे तिथे. चॅसीला नवीन भोकं पाडू नका.

४. सावकाश सुरुवात

थंड हीटरचा रेझिस्टन्स गरम असतानापेक्षा कितीतरी कमी असतो. त्यात ट्रान्सफॉर्मरचा गाभा चालू होताना वेडावाकडा करंट ओढतो. दोन्ही धक्के एकाच क्षणी येतात.

आपल्या सेटचा हिशोब करू. दोन ईएल३४ चे हीटर १.५ ॲम्पियर प्रत्येकी, म्हणजे १८.९ वॉट. तीन ईसीसी८३ मिळून ५.७ वॉट. जीझेड३४ चा हीटर ९.५ वॉट. एचटीकडे शांत असताना सुमारे ४३ वॉट. ट्रान्सफॉर्मरची नासाडी धरून ९० वॉटच्या आसपास, म्हणजे मेनवर साधारण ०.४ ॲम्पियर. पूर्ण आवाजाला ०.६५ पर्यंत. त्यासाठी १ ॲम्पियरचा स्लो ब्लो फ्यूज पुरतो. कुणीतरी आधी ५ ॲम्पियरचा टाकून ठेवलेला असतो, तो फेका.

फेजच्या वाटेत ४७ ओहमचा रेझिस्टर टाकला की सर्वात वाईट क्षणीही करंट ७ ॲम्पियरच्या वर जात नाही (३२५ भागिले ४७). तीन सेकंदांनी बायपास रिले त्याला शॉर्ट करतो. ही वेळ ५५५ टायमर आयसीने द्या किंवा तयार डिले बोर्डाने, फरक पडत नाही. बायपास रिले ओढलाच नाही तर रेझिस्टर १० वॉटच्या काठावर, आणि आवाज वाढवल्यावर २० वॉटवर भाजत राहील. थर्मल फ्यूज त्यासाठीच. तो रेझिस्टरच्या अंगाला ग्लास स्लीव्ह घालून बांधा आणि त्याच्याशी सिरीजमध्ये जोडा. सोल्डर करताना त्याची तार पकडीने धरून ठेवा. उष्णता आत गेली की फ्यूज टेबलावरच उडतो, वरून काहीच दिसत नाही, आणि मग सेट का चालत नाही म्हणून तासभर शोध चालतो.

सॉलिड स्टेट रिले का नको, हे विचारलं जातं. झिरो क्रॉसिंगवाला एसएसआर हीटर किंवा बल्बसाठी उत्तम, पण ट्रान्सफॉर्मरला शून्य व्होल्टला जोडणं म्हणजे गाभा सर्वात जास्त सॅच्युरेट करणं. शिवाय एसएसआर बिघडला की बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे ऐन गरजेला बंद करता येत नाही. साधा रिले बरा.

एमओव्ही फ्यूजच्या नंतर, फेज-न्यूट्रलमध्ये. न्यूट्रल तुटून ३०० च्या वर व्होल्टेज आलं तर तो स्वतः मरेल आणि फ्यूज उडवेल.

५. जीझेड३४ ची पाठराखण

या व्हॉल्व्हला एक वरदान आहे: तो सावकाश तापतो, त्यामुळे एचटी आपोआप उशिरा येते. म्हणजे वेगळा एचटी डिले लागत नाही. पण कुणी त्याच्या जागी सिलिकॉन डायोड टाकले असतील तर बाकीचे व्हॉल्व्ह थंड असतानाच एचटी शिखरावर जाते. ३६०-०-३६० च्या वाइंडिंगवर ते ५०९ व्होल्ट होतात आणि ५०० व्होल्टचे कंडेन्सर काठावर येतात. अशा सेटमध्ये डायोड काढून जीझेड३४ परत लावणं हाच सर्वात स्वस्त उपाय.

जीझेड३४ च्या लगेच नंतरचा कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडच्या वर नको, ही त्याच्या डेटा शीटची मर्यादा आहे. 'हम (स्पीकरमधली गुणगुण) जाईल' म्हणून २२० टाकणारे महाभाग भेटतात. मोठा कंडेन्सर चोकच्या (एचटी गाळणाऱ्या कॉइलच्या) पुढे टाका.

आता एक छोटं पण मोलाचं काम. जीझेड३४ च्या दोन्ही प्लेटांकडे जाणाऱ्या तारांत प्रत्येकी दोन १एन४००७ सिरीजमध्ये जोडा, पट्टी प्लेटच्या बाजूला. एरवी ते गप्प बसतात. जीझेड३४ आतून शॉर्ट झाला तर मात्र कंडेन्सरवर एसी जाऊ देत नाहीत. दोन का? उलट्या दिशेला हजार व्होल्टच्या थोडं वर येतं आणि एका डायोडची क्षमता नेमकी हजार आहे.

एचटीचा फ्यूज वाइंडिंगच्या मधल्या टोकात, चॅसीला जायच्या आधी टाका, २५० मिलिॲम्पियर स्लो. २५० व्होल्ट एसीचा काचेचा फ्यूज ४३० व्होल्ट डीसीच्या तारेत टाकला तर तो वितळल्यावरही आत ठिणगी चालू राहू शकते. निगेटिव्ह बायस त्याच वाइंडिंगच्या टॅपवरून घेतलेला असेल तर हा फ्यूज उडताच बायसही जातो. अशा सेटमध्ये तो टाकू नका, पुढच्या पायरीवर भिस्त ठेवा.

कंडेन्सर रिकामे व्हायला १०० के २ वॉटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, कायमचे. एकूण १०० मायक्रोफॅरड असतील तर पाऊण मिनिटात ५० व्होल्टच्या खाली येतं.

६. कॅथोडवर पहारा

खरं इलेक्ट्रॉनिक काम इथे आहे. सॉकेटवर पिन ८ कॅथोड आणि पिन १ त्याच्याशी जोडलेली. तिथून चॅसीला जाणारी तार कापून प्रत्येक ईएल३४ ला १० ओहमचा रेझिस्टर टाका. ४० मिलिॲम्पियरला त्यावर ०.४ व्होल्ट दिसतात, म्हणजे बायस जुळवणंही सोपं झालं. रेझिस्टरच्या समांतर तीन १एन४००७ सिरीजमध्ये, पट्टी चॅसीकडे. व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला तर मोठा करंट डायोडमधून जाईल आणि मागच्या आयसीवर दोन-अडीच व्होल्टच्या वर काही पोचणार नाही.

आता मर्यादा किती ठेवायची? ईएल३४ चा कमाल कॅथोड करंट १५० मिलिॲम्पियर, म्हणून बहुतेक जण १.५ व्होल्टला ट्रिप ठेवून मोकळे होतात. हे अर्धवट आहे. १०० मिलिॲम्पियरला ४३० व्होल्टवर ४३ वॉट होतात, प्लेट सोसते २५. प्लेट लालबुंद होऊन दहा मिनिटं जळत राहील आणि तुमचं सर्किट झोपलेलं असेल. दुसरीकडे मर्यादा १ व्होल्टवर आणली तर ढोलकीच्या प्रत्येक थापेला सेट बंद पडेल.

म्हणून दोन मर्यादा ठेवा. पहिली १.५ व्होल्ट, १०० के आणि १० मायक्रोफॅरडच्या गाळणीतून, म्हणजे सेकंदभरात प्रतिसाद. दुसरी १ व्होल्ट, २२० के आणि १०० मायक्रोफॅरड, म्हणजे वीस-बावीस सेकंदांची सरासरी. घरात ऐकताना सरासरी तिथवर जात नाही. एलएम३३९ मध्ये चार कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे भाग) असतात: दोन व्हॉल्व्ह, दोन मर्यादा. नेमके पुरतात.

७८०५ च्या ५ व्होल्टवरून दोन प्रीसेटनी दोन्ही मर्यादा ठरवा आणि त्या कम्पॅरेटरच्या प्लस पिनेला द्या, कॅथोडकडून आलेला सिग्नल मायनस पिनेला. चारही आउटपुट एकत्र बांधा, त्याच बिंदूला १२ व्होल्टवरून २.२ के, आणि तिथून एका १एन४१४८ मधून बीसी३३७ च्या बेसला. तो डायोड वगळू नका, नाहीतर आउटपुट खाली आलं तरी ट्रान्झिस्टर पूर्ण बंद होईलच असं नाही.

निगेटिव्ह बायसवर वेगळा पहारा मी ठेवत नाही. बायस गेला की कॅथोडचा करंट उसळतो आणि पहिली मर्यादा सेकंदभरात पकडते. सुटे भाग जितके कमी, तितकं बरं. ऑटो बायसच्या सेटमध्ये, म्हणजे कॅथोडला मोठा रेझिस्टर असतो तिथे, नेहमीचं व्होल्टेज मोजा आणि त्याच्या दीडपटीवर एकच मर्यादा ठेवा. व्होल्टेज आधीच मोठं असतं, त्यामुळे आयसीकडे विभागून न्यायला विसरू नका.

१२ व्होल्टचा निगेटिव्ह चॅसीला एकाच जागी, पहिल्या एचटी कंडेन्सरच्या निगेटिव्हपाशी. दोन जागी जोडलात तर हम येईल.

७. स्पीकरच्या बाजूला हात आखडता घ्या

बाजारात मिळणारा स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड इथे कधीही लावू नका. तो ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरसाठी आहे: गडबड झाली की स्पीकर तोडतो. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये लोड तुटला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं, सॉकेटमध्ये ठिणग्या पडतात आणि वाइंडिंग फुटतं. स्पीकरला डीसीपासून वाचवायची गरजच नाही, ट्रान्सफॉर्मर ते काम करतोच. उलट ८ ओहमच्या आउटपुटवर २२० ओहम १० वॉटचा रेझिस्टर कायमचा लावा. कर्ण्यांच्या १०० व्होल्ट लाइनवर २.२ के, १० वॉट. कुणी चालू सेटची वायर ओढली तरी वेळ निभावते.

८. तपासणी, याच क्रमाने

1. सेट न जोडता फक्त १२ व्होल्ट. हिरवं, लाल, पुन्हा हिरवं. मग प्लग काढून परत लावा. रिले ओढला तर होल्डची जोडणी चुकली आहे.
2. सेटच्या जागी १०० वॉटचा बल्ब. तीन सेकंदांनी बायपास रिलेची टिक ऐकू यायला हवी.
3. बॅटरी आणि पॉटने कॅथोडच्या बिंदूला १.६ व्होल्ट द्या, मग १.१. दोन्ही वेळा घड्याळ लावून बघा.
4. केएसडी३०१ ला सोल्डरिंग आयर्न टेकवा. बंद झाला? मग तो मेन ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांना थर्मल पेस्ट लावून आवळा.
5. सगळे व्हॉल्व्ह काढून, सिरीज बोर्डातून सेट चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद व्हायला हवा. तेजस्वीच राहिला तर थांबा.
6. आउटपुटला लोड लावून व्हॉल्व्ह बसवा, बल्बातून पुन्हा एकदा, मग थेट मेनवर. बायस ०.४ व्होल्टला जुळवा, अर्ध्या तासाने परत बघा.

सर्किटचा कागद चॅसीच्या खालच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या मेकॅनिकला तुमचे रिले बघून घाम फुटायला नको.

९. ट्रिप झाला तर

हिरवं बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. एकदा दाबा आणि खोलीतला दिवा मालवून प्लेटांकडे बघा. एक प्लेट लाल होत असेल तर लगेच बंद करा आणि दोन ईएल३४ ची जागा आपसात बदला. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह खराब. जागेवरच राहिली तर त्या जागेचा कपलिंग कंडेन्सर किंवा ग्रिडचा रेझिस्टर बघा. दोन्ही लाल होत असतील तर बायसच गेला आहे, पिन ५ वर निगेटिव्ह व्होल्टेज मोजा. काहीच लाल नाही आणि सेट तासाभराने बंद पडतो, तर केएसडी३०१ उघडतो आहे: ट्रान्सफॉर्मर कोंदट कपाटात आहे का, आणि टॅपिंग कुणी परत २२० वर तर नेलं नाही ना, ते बघा.